घर फुंदांवमध्ये, घड्याळ पुण्याचं

प्रिय ताई,

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून पोर्तुगालला आलो. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, कंपनी पुण्याचीच, काम घरून. लिस्बन परवडेना म्हणून फुंदांव नावाच्या गावात भाड्याने घर घेतलं. डोंगर, चेरीच्या बागा, हवा छान. मुलगा नऊ वर्षांचा आहे, एकटा चालत शाळेत जातो. मिस्टर पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडतात, कारण तेव्हा पुण्यात अकरा वाजलेले असतात. दुपारी तीनला मोकळे होतात आणि मग झोपतात. ते खूश आहेत.

मी पुण्यात शाळेत गणित शिकवत होते. इथे काहीच करत नाही, तरी दिवसभर दमते. हिवाळ्यात बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा. बेडरूमच्या भिंतीला बुरशी. हीटर चालू असताना ओव्हन लावला की लाइट जाते. भाषा येत नाही, दवाखान्यात मुलाला दुभाषा म्हणून न्यावं लागतं. शेजारच्या आजी बागेतला पाला आणून देतात, हसतात, पण दोन वर्षांत कुणी घरात बोलावलं नाही. मध्ये दुकानात एक माणूस आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मुलाला अर्थ कळला होता, पण त्याने सांगितला नाही. इथल्या बागांत काम करायला नेपाळी, पंजाबी मुलं येतात, लोक आम्हालाही त्यांच्यातलेच समजतात. आम्ही तसे नाही, हे कसं समजवायचं?

बाबांची बायपास झाली तेव्हा मी जाऊ शकले नाही. रहिवासी कार्डाची मुदत संपलेली, नवं आलेलं नाही. मिस्टर म्हणतात, "सगळं आहे तरी रडतेस, लोक युरोपसाठी तरसतात." सांगलीच्या बहिणी फोटो बघून हेवा करतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे बाहेर जेवणाचेही हाल. लिस्बनला चला म्हणून हट्ट धरू? की मुलाला घेऊन परत येऊ? की माझ्यातच काही कमी आहे?

— एक वाचक, फुंदांव

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुम्ही तो शेवटी लिहिला असलात तरी सगळ्या पत्रात तोच डोकावतो. तुमच्यात काहीही कमी नाही. उलट तुमच्या घरात परदेशी राहण्याचं काम करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, म्हणून दमता.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. तुमचे मिस्टर फुंदांवमध्ये राहतच नाहीत. ते पुण्यात राहतात, फक्त खिडकीतून दिसणारा डोंगर फुंदांवचा आहे. पहाटे साडेपाच ते दुपारी तीन ते मराठी-हिंदी-इंग्रजीत बोलतात, ओळखीच्या माणसांबरोबर काम करतात, कामाचं कौतुक होतं, पगार होतो. त्यांना या गावाकडून दोनच गोष्टी लागतात, फायबरचं इंटरनेट आणि शांतता. दोन्ही इथे उत्तम मिळतात. मुलगा शाळेत पोर्तुगीज झालाच आहे. उरलं काय? तेरा किलोचा गॅसचा सिलिंडर सांगणं, शाळेच्या सभा, आरोग्य केंद्राची रांग, घरमालकाशी बुरशीवरून वाद, फिनांसाशमधून, म्हणजे करखात्यातून, आलेलं न समजणारं पत्र. गावाशी ज्या ज्या ठिकाणी घासाघीस होते, तिथे तिथे तुम्ही उभ्या आहात. मग त्यांना गाव सुंदर वाटतं आणि तुम्हाला अंगावर येतं, यात नवल काय?

म्हणून लिस्बनच्या आधी घरातल्या वाटणीचं बोला. भांडण म्हणून नको, हिशेब म्हणून. तुम्ही गणिताच्या बाई, कागद घ्या आणि गेल्या महिन्यात घराबाहेरची किती कामं कुणी केली ते लिहा. तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. "मला एकटं वाटतं" या वाक्यावर "मग मैत्रिणी कर" असं उत्तर येतं. कामांच्या यादीवर तसं उत्तर देता येत नाही.

दुपारी तीनला ते मोकळे होतात ही तर पर्वणीच आहे. गावातली दुकानं आणि बरीच कार्यालयं जेवणाच्या वेळी बंद असतात आणि अडीच-तीनला पुन्हा उघडतात. म्हणजे ते लॅपटॉप मिटतात तेव्हा गाव जागं होतं. झोप हवी तर अर्धा तास घेऊ देत. वीज कंपनी, घरमालक आणि शाळेची निम्मी कामं त्यांच्याकडे द्या. त्यांची पोर्तुगीज तुमच्यापेक्षा कच्ची आहे? असू दे. अडखळू देत ना त्यांनाही काउंटरवर. एकदा का माणूस स्वतः "देश्कुल्प, नांव फालु पुर्तुगेश" (माफ करा, मला पोर्तुगीज येत नाही) म्हणत खिडकीशी घाम पुसत उभा राहिला, की "तरी रडतेस" हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा निघत नाही.

आता भाषा. आपल्याकडे कुणी पोर्तुगालला निघालं की बटाटा, पगार, चावी, साबण अशी पोर्तुगीज शब्दांची यादी हमखास ऐकवतात. पहिल्या दिवशी मजा वाटते, दवाखान्यात तिचा काडीचा उपयोग नाही. मोबाइलवरच्या ॲपचंही फार मनावर घेऊ नका. लोकप्रिय ॲपवर बहुतेक ब्राझीलची पोर्तुगीज असते. इथले लोक निम्मे स्वर गिळून टाकतात, आणि तुमच्या बेइरा भागातल्या आजी तर उरलेलेही. वाचता येतं पण ऐकून कळत नाही, ही तक्रार इथल्या जवळजवळ प्रत्येक परक्या माणसाची असते.

तुम्हाला हवा आहे तो वर्ग. स्थलांतरितांसाठी सरकारी, फुकट पोर्तुगीजचे वर्ग असतात, 'पुर्तुगेश लिंग्वा द आकोल्यिमेंतु' म्हणून विचारा, लोक पीएलए म्हणतात. बरेचदा संध्याकाळी, एखाद्या शाळेत किंवा रोजगार-प्रशिक्षण केंद्रात भरतात. तिथलं ए-टू म्हणजे प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र पुढे कायम रहिवासासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालतं, म्हणजे वेगळी परीक्षा वाचते. वर्ग कधी सुरू होणार हे विचारायला 'क्लाइम'मध्ये जा. नगरपालिकांबरोबर चालणारी ही स्थलांतरितांची मदत केंद्रं असतात, पैसे घेत नाहीत. फुंदांव तर या बाबतीत इतर गावांच्या पुढे आहे. तिथल्या नगरपालिकेने जुन्या सेमिनारीच्या (पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या) इमारतीत स्थलांतरितांसाठी केंद्र उभं केलं आहे. ते केंद्र शेतमजुरांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं मनात आलं असेल तर तो विचार तिथेच सोडा. त्याबद्दल पुढे बोलतेच.

वर्गाच्या संध्याकाळी स्वयंपाक मिस्टरांचा. हे आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात वर्ग बुडतो. मी हे बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आणि मुलाला दवाखान्यात नेणं आजपासून बंद. यात मी जरा कडक आहे. नऊ वर्षांच्या पोराने आईच्या पाळीचं, रक्तदाबाचं, गोळ्यांचं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं आईला, हे ओझं त्याचं नाही. दुकानातल्या त्या माणसाचं बोलणं त्याने तुमच्यापासून लपवलं, ते बघा. तो आत्ताच तुम्हाला सांभाळायला लागला आहे. त्रास, कधीपासून, कोणती औषधं, कशाची ॲलर्जी हे एका कागदावर पोर्तुगीजमध्ये लिहून न्या. भाषांतर मोबाइलवर करा आणि वर्गातल्या बाईंकडून तपासून घ्या. डॉक्टर कागद बघून खूश होतात. तुमच्या नावाचा 'उतेंत' क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतला नोंदणी क्रमांक, झाला आहे ना? कुटुंब डॉक्टर मिळाला नसेल तर त्यात तुमचा दोष नाही, देशात पंधरा लाखांच्या आसपास लोक तसेच आहेत. तब्येतीबद्दल शंका आली की ८०८ २४ २४ २४ हा आरोग्यसेवेचा फोन आहे, आणि जिवावर बेतलं तर ११२.

घराच्या थंडीचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. पोर्तुगालला लोक उन्हाचा देश म्हणून येतात आणि जानेवारीत घरात टोपी घालून बसतात. जुन्या घरांत उबेची मध्यवर्ती सोय नसते, भिंतींत थंडी अडवणारं काही भरलेलं नसतं, आणि फुंदांव समुद्राकाठी नाही, डोंगरांच्या कुशीत आहे. लाइट जाते त्याचं कारण साधं आहे. तुमच्या वीजजोडणीचा करार बहुतेक ३.४५ केव्हीएचा असेल. दोन हजार वॅटचा तेलाचा हीटर आणि तेवढाच ओव्हन एकत्र चालला की भार त्यापुढे जातो आणि वीज तुटते. बिलावर 'पोतेंसिया कोंत्रातादा' असं लिहिलेलं असतं, तो आकडा बघा. कंपनीला फोन करून ५.७५ किंवा ६.९ करून घेता येतो. रोजचा ठरावीक आकार थोडा वाढेल, पण पोळ्या करताना अंधारात पायऱ्या उतरून खटका वर करायला जावं लागणार नाही. हा फोन मिस्टर करतील.

बुरशीला हीटरपेक्षा दमट हवा शोषणारं यंत्र जास्त उपयोगी, 'देझुमिदिफिकादोर'. बेडरूमचं दार लावून रात्रभर चालवा आणि सकाळी त्याच्या टाकीत किती पाणी साठलंय ते बघा. लिटर-दीड लिटर सहज निघतं. ते पाणी भिंतीत आणि तुमच्या गाद्यांत मुरत होतं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. घरात लाकडाची 'सालामांद्रा' म्हणजे लोखंडी शेगडी असेल तर लाकूड उन्हाळ्यातच सांगून ठेवा. डिसेंबरात मिळणारं ओलं असतं, नुसता धूर करतं. घरात सोळा-सतरा अंश उष्णता आली तरी माणसाचा स्वभाव बदलतो. एकटेपणाचा बराचसा भाग निव्वळ हुडहुडी असते, हे मी अनुभवाने सांगते.

शेजारच्या आजींनी घरात बोलावलं नाही, याचा तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा आहे. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की चहाला बोलावणं होतं, म्हणून ते न होणं म्हणजे नकार वाटतो. इथल्या छोट्या गावांत घर हे घरच्यांसाठी असतं. ओळखीपाळखीच्या माणसांना भेटायची जागा कॅफे. तुम्ही आजींच्या घराच्या दाराकडे बघत बसलात आणि त्या रोज साडेदहाला चौकातल्या पास्तेलारियात बसलेल्या असतील. तिथे जा. रोज त्याच वेळी, त्याच जागी. आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं "बोम दीया" म्हणायचं. न बोलता शिरणं हा उद्धटपणा समजतात आणि परकी माणसं नेमकी तिथेच चुकतात. एक युरोच्या आसपास कॉफी मिळते, ती घेऊन बसायचं. पहिले काही आठवडे काही घडणार नाही. मग एक दिवस काउंटरमागची बाई न विचारताच तुमची कॉफी करायला घेईल, आणि त्यानंतर तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तर शेजारी चौकशी होईल. इथे शिरकाव असा होतो, वेळ पाळून आणि तोंडओळखीने. आग्रहाचं निमंत्रण येण्याची वाट बघू नका.

आजी पाला देतात तो बहुधा 'कोव्ह' म्हणजे कोबीच्या जातीची पानं किंवा 'नाबिसा' म्हणजे सलगमचा पाला असणार. नाबिसाची भाजी लसणाची फोडणी देऊन, डाळ घालून करा, चाकवताची आठवण होईल. रिकामी टोपली परत करू नका, हे तुम्हाला सांगायला नको. पण तिखट काही देऊ नका. नारळाच्या वड्या द्या, रव्याचा लाडू द्या. एकाने तर खमंग काकडी दिली होती, शेजारणीने ती सलाड समजून खाल्ली आणि मिरचीने बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. गोडावर इथल्या कुठल्याही आजीचा विश्वास बसतो.

शाकाहाराचे हाल कमी करता येतात. सूप मागवलं तर त्यात सॉसेजची चकती आहे का ते विचारायचंच, काल्दु व्हेर्दमध्ये ती असतेच. 'सेम कार्न' (मांसाशिवाय) एवढंच म्हटलं तर मासे आणून ठेवतात, म्हणून "मांस नको, मासे नको, हॅमही नको" असं पूर्ण सांगावं लागतं. इथे हॅमला मांस न समजणारे लोक बरेच आहेत. चवळी आणि छोले कुठल्याही दुकानात, कोथिंबिरीच्या जुड्या बाजारात, बेसन 'फारिन्या द ग्रांव' नावाने मोठ्या सुपरमार्केटच्या आरोग्याच्या कप्प्यात. आणि एक खास गोष्ट. तिथल्या सेर्रा दा एश्त्रेला डोंगराचं प्रसिद्ध चीज प्राण्याच्या पोटातल्या रेनेटने नाही तर एका काटेरी रानफुलाने विरजतात. तेव्हा शाकाहारी माणसाने ते बिनधास्त खावं. जरा महाग आहे, पण हिवाळ्यात पावाबरोबर खाल्लंत तर डोंगराखाली राहिल्याचं सार्थक वाटेल.

सकाळच्या वेळेसाठी माझी पहिली शिफारस नगरपालिकेच्या तलावातल्या 'हिद्रोजिनास्तिका'ची, म्हणजे पाण्यातल्या व्यायामाची. हसू नका. पाणी गरम असतं हा पहिला फायदा. दुसरा असा की गावातल्या चाळीस ते सत्तर वयाच्या अर्ध्या बायका तिथे भेटतात, आणि पाण्यात उभं राहून हात हलवायला व्याकरण लागत नाही. कपडे बदलायच्या खोलीत जी पोर्तुगीज ऐकायला मिळते ती कुठल्याही पुस्तकात नाही. मुलासाठी गावातला बँड, 'बांदा फिलार्मोनिका' बघा. अशा बँडमध्ये मुलांना वाद्य शिकवतात, मग तीच मुलं सणाच्या मिरवणुकीत वाजवतात. मुलगा क्लॅरिनेट घेऊन रस्त्यावरून गेला की तुम्ही आपोआप अमक्याची आई होता. अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांचं सभासदत्वही घ्या, वर्गणी मामुली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये वणवा गार्दुन्या डोंगरापर्यंत आला होता, तेव्हा ही माणसं काय करतात ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. गावात त्यांच्याइतका मान कुणालाच नाही.

त्या भागात इंग्रज, डच, जर्मन कुटुंबं बरीच आहेत, तुम्हाला भेटलीही असतील. महिन्यातून एकदा भेटा, कुठला प्लंबर बरा, कुठला वकील लुटतो हे त्यांच्याकडून कळतं. त्यांच्यातच रमलात तर मात्र अवघड होईल. बहुतेक जण निवृत्त, स्वतःच्या विहिरीचे आणि छपराचे मालक. त्यांचे प्रश्न तुमचे नाहीत. शिवाय इंग्रजीत गावाला नावं ठेवण्याची एक गोडी असते, ती लागली की पोर्तुगीज शिकणं राहूनच जातं.

आता दुकानातला माणूस. वाईट वाटलं असणारच. मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा शेगा पक्ष २३० पैकी ६० जागा जिंकून संसदेत दुसऱ्या क्रमांकावर गेला, त्यामुळे पूर्वी मनात म्हणायचे ते आता काहीजण ओठांवर आणतात. दुकानदारानेच कधी नीट वागवलं नाही तर 'लिव्ह्रु द रेक्लामासोंइश' मागायचं. हे तक्रारींचं लाल पुस्तक प्रत्येक दुकानात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते मागितलं की आवाज लगेच खाली येतो.

पण तुमचं पुढचं वाक्य, "आम्ही तसे नाही, हे कसं समजवायचं," मला पटलं नाही. समजवायचं म्हणजे नेमकं काय? ती मुलं उन्हात फळं तोडतात आणि मिस्टर सावलीत कोड लिहितात, म्हणून त्या माणसाने त्यांच्यावर पुटपुटावं आणि तुम्हाला सोडावं? तो तुमचा पगार बघून पुटपुटला नाही. तुमचा टॅक्स, तुमचा व्हिसाचा प्रकार त्याला सांगितलात तरी त्याचं मत बदलणार नाही, फक्त त्या नेपाळी मुलांच्या नजरेतून तुम्ही उतराल. एक करा. बाजारात त्यांच्यापैकी कुणी दिसलं तर हिंदीत "कैसे हो" विचारा. लिस्बनच्या मार्तिम मोनीझ भागातून तूरडाळ आणि पीठ स्वस्तात कोण आणतं, हे तरी नक्की कळेल. ही चेष्टा नाही, छोट्या गावांत भारतीय किराणा असाच ओळखीतून पोहोचतो.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एक विचारून बघा, त्यांची मुलं कुठे आहेत. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला बेइराच्या खेड्यांतून लोक झुंडीने फ्रान्सला गेले, कित्येक परवानगीशिवाय, रात्री डोंगर ओलांडून. कुणी गरिबीमुळे, कुणी आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धात मरायला जायचं नव्हतं म्हणून. पॅरिसच्या बाहेर झोपडपट्ट्यांत राहिले, बांधकामावर राबले. ऑगस्टमध्ये फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्यांनी गाव भरतं ना, ती त्यांचीच मुलं-नातवंडं. तुमच्या आजींचा एखादा मुलगा ल्योंमध्ये असेल आणि त्याच्या बायकोनेही असंच एखादं पत्र कधी लिहिलं असेल. हा विषय निघाला की गप्पांना वेगळा रंग चढतो, फक्त त्यासाठी तेवढी पोर्तुगीज यायला हवी.

बाबांचं वाचून वाईट वाटलं. कार्डाच्या घोळात तुम्ही एकट्या नाही. २९ ऑक्टोबर २०२३ ला जुनं परकीय नागरिक खातं बंद होऊन 'आयमा' आलं, तेव्हा लाखो प्रलंबित प्रकरणं त्यांच्या गळ्यात पडली. मुदत संपलेली कार्डं पोर्तुगालमध्ये ग्राह्य धरायचे आदेश सरकारने अधूनमधून काढले, पण वाटेत शेंगेन गटातल्या दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदललंत तर तिथला अधिकारी ते मानेलच असं नाही. म्हणून जावंच लागलं तर फ्रँकफर्ट-पॅरिस टाळा, दुबई किंवा इस्तंबूलहून थेट लिस्बनला उतरणारं तिकीट घ्या. नूतनीकरणाची पावती आणि त्या वेळी लागू असलेल्या आदेशाची छापील प्रत जवळ ठेवा. तिकीट काढण्याआधी क्लाइममध्ये किंवा वकिलाला विचारा आणि विमान कंपनीकडून लेखी घ्या, कारण मुंबईच्या काउंटरवर अडवलं तर हातात काहीतरी हवं. मुख्य म्हणजे तुमच्या अर्जाचा लॉगिन, पासवर्ड आणि सगळी कागदपत्रं तुमच्याकडे असू देत. आत्ता ती मिस्टरांच्या मेलमध्ये आहेत, असा माझा अंदाज आहे.

बाबांशी बोलायची वेळ ठरवून टाका. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. तुमची दुपारची जेवणवेळ ती त्यांची संध्याकाळ. बहिणींना मात्र अधूनमधून बुरशीच्या भिंतीचाही फोटो पाठवा.

लिस्बनचं विचारलंत. माझं मत विरोधात आहे. तिथे राधाकृष्णाचं देऊळ आहे, मोझांबिकमार्गे आलेली गुजराती कुटुंबं आहेत, किराणा आहे, हे खरं. पण तुमच्या फुंदांवच्या भाड्यात तिथे धड एक खोली मिळायची मारामार. म्हणजे अमादोरा किंवा ओदिव्हेलाशसारख्या उपनगरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मिस्टर तसेच पुण्याच्या घड्याळावर, मुलाला एकटं शाळेत सोडता येत नाही, आणि तुमच्या हातात तीच यादी. आगीतून फुफाट्यात. देवळासाठी महिन्यातून एकदा रेल्वेने जा, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. ए-२३ महामार्गावरचा टोलही १ जानेवारी २०२५ पासून गेला आहे, तेव्हा गाडीनेही स्वस्तात होतं.

परत येणं हा पराभव नव्हे, पण आत्ता निघालात तर तुम्ही गावाला कंटाळून नाही तर मिस्टरांना कंटाळून निघाल, आणि ते पुण्यातही तेच असतील. आधी यादीचं बोलणं होऊ दे, वर्गाची एक फेरी होऊ दे. नागरिकत्वाच्या अटी कडक करण्याकडे तिथे कल आहे, त्यामुळे 'पासपोर्ट मिळेपर्यंत सोसू' या हिशेबाने मात्र राहू नका. मिस्टर यादीकडे बघायलाही तयार नसतील, तर पुन्हा लिहा. मग माझं उत्तर वेगळं असेल.

आणि तुमचं गणित. कुटुंब एकत्रीकरणाच्या परवान्यावर काम करायला मुभा असते. पोर्तुगालमध्ये शिकवण्यांचं पीक आपल्यासारखंच आहे, 'एश्प्लिकासोंइश' म्हणतात आणि गणिताला सगळ्यात जास्त मागणी. फिनांसाशमध्ये स्वतःच्या नावाने काम सुरू केल्याची नोंद करायची आणि 'रेसिबु व्हेर्द' या ऑनलाइन पावत्यांवर पैसे घ्यायचे. सुरुवातीचे बारा महिने सामाजिक सुरक्षेच्या हप्त्यातूनही सूट असते. सुरुवात इंग्रजीतून शिकणाऱ्या परदेशी मुलांपासून करा. पैसे थोडेच मिळतील, पण स्वतःच्या खात्यात येतील. बँकेत खातं स्वतःचं उघडा, संयुक्त नको.

या सगळ्यानंतरही फुंदांव लहानच वाटलं तर लिस्बनऐवजी वीसेक किलोमीटरवरच्या कोव्हिल्यांचा विचार करा. विद्यापीठाचं शहर आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठं रुग्णालय आहे, देशोदेशीचे विद्यार्थी आहेत, म्हणजे तुमच्या शिकवणीलाही वाव. मुलाची शाळा बदलेल, पण भाषा आणि डोंगर तेच राहतील. घरं मात्र सप्टेंबरमध्ये बघू नका, तेव्हा विद्यार्थ्यांची झुंबड असते. जानेवारीत बघा, आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल तर उत्तम. नवा रंग दिलेल्या भिंतींवर विश्वास ठेवू नका, कपाटं उघडून मागच्या फळीला हात लावा, उत्तरेकडच्या खोलीत दार लावून पाच मिनिटं उभ्या राहा, आणि करार करण्याआधी वीजजोडणी किती केव्हीएची आहे ते मिस्टरांना विचारायला लावा.